आइस मेकरच्या बर्फातून पांढरे कण आणि मातकट वास, नक्की काय साफ करायचं?

वाघोलीकरीण

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आमच्याकडे ओट्यावर ठेवायचा छोटा आइस मेकर आहे, वास्तुशांतीला नणंदेने दिलेला. टाकीत पाणी ओतायचं, बटण दाबायचं, आठ-दहा मिनिटांनी नऊ पोकळ गोळ्या जाळीच्या टोपलीत पडतात. घरात पन्हं, कोकम सरबत, ताक यांचा राबता असतो. शिवाय सासरेबुवांना दुपारी चारला बर्फ घातलेलं लिंबू सरबत लागतंच. त्यामुळे मशीन शोभेला नाही, रोज चालतं.

गेल्या वर्षी काही तक्रार नव्हती. यंदा मार्चपासून सोसायटीत टँकर सुरू झाले आणि मशीनने रंग दाखवायला सुरुवात केली. बर्फ विरघळला की ग्लासच्या तळाशी पांढरा भुगा बसतो. कोकम सरबतात तो इतका उठून दिसतो की परवा पाहुण्यांनी ग्लास उजेडात धरून बघितला. बर्फाला किंचित मातकट वास येतो. ज्या धातूच्या दांड्यांभोवती बर्फ धरतो, त्यांना गोळ्या चिकटून बसतात, मग ढकलणारी पट्टी कर्रर्र आवाज करत अडकते. आणि सगळ्यात वैताग म्हणजे टाकी भरलेली असताना ‘पाणी भरा’चा लाल दिवा लागतो आणि मशीन बंद पडतं. टाकीच्या एका कोपऱ्यात गुलाबीसर बुळबुळीत थरही दिसतोय.

पाणी मी प्युरिफायरचंच वापरते. आमचा यूव्हीवाला आहे, आरओ नाही. पाणी कमी झालं की वरून भर घालते. टाकी पूर्ण रिकामी करायची वेळ अशी येतच नाही, कारण पाणी संपायच्या आत दिवा लागतो.

सर्व्हिसवाला येऊन गेला. झाकण उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, बोर्ड गेलाय, अडीच हजार.” मला काही पटलं नाही. बोर्ड गेल्यावर बर्फाला वास कसा येईल? कुणाला अनुभव असेल तर सांगा. पुस्तिकेत ‘नियमितपणे स्वच्छ करा’ एवढंच एक वाक्य आहे.

माठप्रेमी

माठ घ्या, वाळ्याची जुडी टाका. ना कंप्रेसर, ना बोर्ड, ना अडीच हजार.

(विषयाला धरून काही नाही, माफी असावी. पण सासरेबुवांना विचारून बघा.)

ठाण्याची_शुभा

आमच्याकडे असाच आहे. महिन्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि पाणी घालून फिरवते, नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा धुते. व्हिनेगरचा वास पुढच्या एक-दोन घाण्यांना राहतो, तो बर्फ सिंकमध्ये टाकायचा. पांढरे कण वगैरे कधी दिसले नाहीत. पण आमच्याकडे तलावाचं पाणी येतं, टँकरचा प्रश्न नाही, हेही खरं.

गारेगारवाला

ताई, बोर्ड बदलू नका. निदान आत्ता तरी नको.

सोलापुरात हॉटेल आणि बारमधल्या बर्फाच्या मशिनी दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. आता घरगुती मशिनीही येतात माझ्याकडे, आणि दहातल्या बहुतेकांचं दुखणं तुमच्यासारखंच असतं. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: “पाणी कमी झालं की वरून भर घालते.” सगळी गोम तिथं आहे बघा.

पाणी गोठताना क्षारांना बाहेर ढकलतं. दांड्यांभोवती जो बर्फ धरतो तो बराचसा शुद्ध पाण्याचा असतो. उरलेलं, क्षार जास्त झालेलं पाणी दांड्यांखालचा कलता ट्रे परत टाकीत ओततो. तेच पाणी पंप पुन्हा वर चढवतो. तुम्ही बर्फ काढून घेता, म्हणजे चांगलं पाणी घेऊन जाता, आणि क्षार टाकीत ठेवता. मग वरून नवीन पाणी ओतता, त्यात त्याचे स्वतःचे क्षार असतातच. असं आठवडाभर केलं की ती टाकी राहत नाही, मिठागर होतं. एका मर्यादेनंतर कॅल्शियम पाण्यात मावत नाही, त्याचा चुना होतो. थोडा बर्फात अडकून तुमच्या कोकम सरबतात येतो, बाकीचा दांड्यांवर, पंपात आणि सेन्सरवर बसतो. बर्फ वितळला तरी तो चुना सहजासहजी परत विरघळत नाही, म्हणून तळाला भुगा दिसतो.

हॉटेलातलं मोठं मशीन उरलेलं पाणी स्वतःच गटारात सोडत राहतं. म्हणून त्याला ड्रेनची नळी लागते. लोक म्हणतात, किती पाणी वाया घालवतंय! ते वाया नसतं, ते त्या मशीनचं आयुष्य असतं. घरगुती मशीनला नळी नाही, खाली फक्त रबरी बूच आहे. म्हणजे ते काम तुम्ही करायचं. रोज रात्री बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करा आणि झाकण उघडं ठेवा. महिन्यातून एकदा अ‍ॅसिड फिरवण्यापेक्षा हे दसपट महत्त्वाचं आहे आणि फुकट आहे. ते पाणी फरशी पुसायला वापरा. कुंडीत रोज रोज घालू नका, माती क्षारट होईल.

दुसरं, यूव्हीचं. यूव्हीचा दिवा जंतू मारतो. क्षाराला तो हातही लावत नाही. टँकरचं बोअरचं पाणी यूव्हीतून गेलं तरी क्षार आत गेले तेवढेच बाहेर येतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचा दोनेकशे रुपयांचा मीटर मिळतो, तो घ्या आणि टाकीत रोज सकाळ-संध्याकाळ बुडवून बघा. आकडा कसा चढतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण ते माणसाला प्यायला. मशीनला २०० च्या खालचं दिलंत तर ते सुखात राहील.

आता साफसफाई.

प्लग काढा. टोपली काढा, टाकी रिकामी करा. आत हात घालून त्या धातूच्या दांड्यांवर नख फिरवा. गुळगुळीत लागल्या तर चुना नाही. खरखरीत लागल्या, पांढरट थर दिसला, तर तोच तुमचा कर्रर्र आवाज. गरम वायू सोडून मशीन बर्फ सैल करतं, पण खडबडीत दांडीला तो पकडून राहतो, मग पट्टीला जोर लावावा लागतो. ती मोटर बारीक असते, फार दिवस झेपणार नाही तिला.

किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून सायट्रिक अ‍ॅसिड मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. विरघळवून टाकीत ओता. मशीनला ‘क्लीन’ची सोय असेल तर ती चालवा, बऱ्याच मशिनीत चालू-बंदचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की ती सुरू होते. पंप ते पाणी ट्रेमध्ये फिरवतो. ट्रे भरला की बॅटरीने आत बघा. दांड्यांवर बारीक बारीक बुडबुडे चढायला लागतील, तो चुना सुटतोय. बुडबुडे थांबले की एकतर चुना संपला किंवा अ‍ॅसिडचा जोर संपला. १५-२० मिनिटं पुरे. पाणी सोडून द्या, दांड्या अजून खरखरीत असतील तर नवीन पाणी करून पुन्हा. तुमच्याकडे दोनदा करावं लागेल असं दिसतंय.

रात्रभर भिजत ठेवायचा आळस करू नका. त्या दांड्यांवर बहुधा निकेलचा मुलामा असतो. जास्त वेळ अ‍ॅसिडमध्ये राहिला तर तो उडतो, आणि मुलामा उडालेली दांडी परत कधी नीट बर्फ सोडत नाही. त्याच कारणाने सुरी, स्क्रू ड्रायव्हर, तारेची घासणी, काही लावायचं नाही. जुना मऊ टूथब्रश चालेल. आणि बाथरूमचं अ‍ॅसिड तर स्वप्नातही नको. एका बारवाल्याने पोऱ्याकडून ते घालून घेतलं होतं. मशीन उघडलं तेव्हा दांड्या तांबूस दिसत होत्या.

शेवटी साध्या पाण्याने तीनदा धुवा, पहिला घाणा फेकून द्या.

वाघोलीकरीण

काका, _/\_ इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. टीडीएस मीटर शेजाऱ्यांकडून आणला. यूव्हीच्या नळाचं पाणी ७८०. मशीनच्या टाकीतलं... १९००! मी मीटर पुसून परत बुडवला.

पण लाल दिव्याचं काय? आणि तो गुलाबी थर लिंबूफुलाने जाईल का? आमच्या ग्रुपवर एकीने सांगितलं की उकळतं पाणी ओत, सगळं मरतं. दुसरी म्हणते व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र घाल, एका दमात काम होतं.

गारेगारवाला

आधी शेवटचं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र अजिबात नाही! लिंबूफूल आणि ब्लीचसुद्धा नाही. अ‍ॅसिडमध्ये ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागेल. त्या बाईंना आजच सांगा.

उकळतं पाणीही नको. टाकी प्लॅस्टिकची, वाकडी होते आणि बूच-सील सैल पडतात.

गुलाबी थर हे जिवाणूंचं काम आहे, चुन्याचं नाही. बाथरूमच्या फटीत, कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात दिसतो तोच. ओल, अंधार आणि साचलेलं पाणी मिळालं की धरतो. मातकट वासही बहुतेक त्याचाच. लोकांना वाटतं बर्फात जंतू मरतात. मरत नाहीत, बरेचसे नुसते झोपतात. म्हणून बर्फ पाण्याइतकाच स्वच्छ असतो, त्याहून जास्त नाही.

क्रम असा ठेवा: आधी चुना, मग जंतू. चुन्याच्या थराखाली जंतू दडलेले असतात, वरवर औषध मारून पोचत नाही. लिंबूफुलाचं काम झालं, तीनदा खळखळून धुतलं, अ‍ॅसिड राहिलं नाही याची खात्री झाली, की मग साधं बिनवासाचं ब्लीच. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर एक लिटर पाण्याला ४ मिली, म्हणजे चहाचा चमचा पूर्ण भरायचाही नाही. त्याने २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) होतं, भांडी निर्जंतुक करायला एवढंच वापरतात. टक्के वेगळे असतील तर त्या हिशोबात कमी-जास्त करा. गुलाबी जागा त्यात भिजवलेल्या फडक्याने हाताने पुसा. नुसतं पाणी फिरवून बुळबुळीत थर सुटत नाही, घासावंच लागतं. झाकणाची आतली बाजू आणि बुचाभोवतीची खाच विसरू नका. पाच मिनिटं फिरवा, सोडून द्या, परत तीनदा धुवा. ब्लीच जास्त वेळ ठेवलं तर धातू खातं.

लाल दिवा: टाकीच्या तळाशी, पंपाच्या तोंडावर एक छोटी जाळी असते. पाव इंचभर. ती चुन्याने बुजली की पंपाला पाणी मिळत नाही, ट्रे वेळेत भरत नाही, आणि मशीन समजतं की टाकी रिकामी. जाळी बोटाने चाचपून बघा, निघत असेल तर काढून लिंबूफुलात टाका. कधी कधी पंपात हवा अडकते, तेव्हा पूर्ण रिकामं करून पुन्हा भरलं की सुटतं. काही मॉडेलात ट्रेजवळ पाण्याचा सेन्सर असतो, त्यावर चुन्याचा थर बसला तरी हेच होतं.

याच्या उलट ‘बर्फ भरला’ असं खोटंच दाखवायला लागलं, तर टोपलीच्या बाजूचे दोन काळे मणी कोरड्या कपड्याने पुसा. तो इन्फ्रारेडचा डोळा असतो. खिडकीतलं थेट ऊन पडलं तरी तो गोंधळतो.

अवांतर: बाहेरचा गोळा खाता का? २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, कारण मासे ठेवायचा बर्फ सरबतात जायचा. निळसर बर्फ दिसला तर चार पावलं पुढं जा.

फिनिक्सवासी

गारेगारवाला काकांच्या प्रत्येक शब्दाला +१.

इकडे अ‍ॅरिझोनात फ्रीजमध्येच आइस मेकर असतो, त्यामुळे थोडं वेगळं दुखणं. शहराचं पाणी सॉल्ट, व्हर्डे आणि कोलोरॅडो या नद्यांचं, क्षार भरपूर. नळाच्या तोट्यांना पांढरी दाढी आलेली असते. पण फ्रीजमधल्या साच्यात पाणी येतं ते सगळंच्या सगळं गोठतं, परत टाकीत जात नाही. म्हणून तुमच्यासारखं क्षार साचत जाणं नाही, मात्र प्रत्येक तुकड्याच्या पोटात पांढरा ढग असतोच. दोष मशीनचा नसतो, कडेने आधी गोठतं आणि क्षार, हवा सगळं मध्ये ढकललं जातं.

इथे लोक दोन गोष्टी विसरतात. एक, पाण्याचा फिल्टर. साधारण सहा महिन्यांनी बदलायचा, आणि नवीन लावल्यावर सुरुवातीचं दहाएक लिटर पाणी व पहिले एक-दोन घाणे टाकून द्यायचे, कारण कार्बनची काळी भुकटी येते. दोन, बर्फाचं खोकं. त्यातला बर्फ वापरला नाही की तो फ्रीजरमधले सगळे वास ओढून घेतो. आमच्या फ्रीजरमध्ये खोवलेला नारळ, लसणाचं वाटण आणि सुरमई एकत्र नांदतात. सासूबाई आल्या तेव्हा व्हिस्कीतल्या बर्फाला सुरमईचा वास आला, असं एका मित्राने सौजन्यपूर्वक सांगितलं. आता महिन्याला खोकं रिकामं करतो, ते खोलीच्या तापमानाला येऊ देतो, मग कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने धुतो. थेट गरम पाणी घातलं तर गार प्लॅस्टिक तडकतं. आणि पूर्ण कोरडं करूनच आत, नाहीतर सगळा बर्फ एकमेकांना चिकटून ढेप होते.

एक शेवटचं, भारतात आता असे फ्रीज यायला लागलेत म्हणून. आरओची नळी थेट फ्रीजला जोडणार असाल तर दाब तपासा. फ्रीजच्या व्हॉल्व्हला साधारण किमान २० पीएसआय (दाबाचं एकक) लागतो. दाब कमी पडला की छोटे, अर्धवट भरलेले तुकडे येतात आणि लोक उगाच आइस मेकर बदलत बसतात.

ठाण्याची_शुभा

काका, पावसाळ्यात मी आमचं मशीन माळ्यावर टाकते. काही काळजी घ्यायची का?

गारेगारवाला

ठेवण्याआधी लिंबूफूल, ब्लीच, धुणं, सगळं एकदा क्रमाने करून घ्या. बूच काढून, जरा तिरकं करून पंपाच्या नळीतलं पाणीही काढा. कोरड्या कपड्याने पुसून दोन दिवस झाकण उघडं ठेवा. बूच लावून, झाकण घट्ट मिटून ठेवलेलं मशीन दिवाळीत उघडलंत तर आत काळी बुरशी सापडेल. आडवं ठेवू नका. खाली उतरवल्यावर लगेच चालू करू नका, कंप्रेसरमधलं तेल जागेवर बसायला काही तास उभं राहू द्या. मागच्या-बाजूच्या जाळीतली धूळ ब्रशने काढा, पुढे-मागे वीतभर मोकळी जागा सोडा आणि गॅसच्या शेगडीशेजारी ठेवू नका. बऱ्याच मशिनीत आता गारवा आणायला आर-६००ए वायू असतो, तो पेट घेणारा आहे. शिवाय शेगडीच्या उष्णतेत कंप्रेसर धापा टाकतो आणि बर्फ पातळ येतो. आमच्याकडे मे महिन्यात निम्म्या तक्रारी याच असतात: मशीन ठीक असतं, जागा चुकीची असते.

वाघोलीकरीण

काका, झालं काम. बरंचसं तरी. पंपाच्या तोंडाची जाळी सापडली, चुन्याने अक्षरशः लिंपली होती, मला आधी वाटलं तिथे झाकणच आहे. लिंबूफूल दोनदा फिरवलं. पहिल्या वेळी पाणी दुधासारखं नाही पण चांगलंच गढूळ आलं. दांड्या आता गुळगुळीत लागतात, कर्रर्र बंद. गुलाबी थर घासून काढला. लाल दिवा दिवसातून एखाद वेळेला अजून लागतो, पण टाकी रिकामी करून भरली की जातो.

शेजाऱ्यांच्या आरओचं पाणी मागून आणते, ८५ टीडीएस. रोज मागायला संकोच वाटतो, म्हणून उरलेल्या दिवशी यूव्हीचं पाणी उकळून, रात्रभर निवळून वरचं घेतलं तर चालेल का? आणि रात्री टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवायचं म्हणता, पण आमच्याकडे झुरळं आहेत हो.

गारेगारवाला

उकळून निवळलेलं चालेल. सगळे क्षार जात नाहीत, पण चुना धरणारा बराचसा भाग भांड्याच्या तळाशी बसतो. तळाचं पाणी ढवळू न देता वरचं घ्या. मीटरवर आकडा फार उतरलेला दिसणार नाही, त्याने घाबरू नका.

दिवा अजून आठवडाभर बघा. लागतच राहिला तर पंप काढून आतला पंखा साफ करावा लागेल. ते घरी करू नका. पण जो कुणी येईल त्याला आधी पंप उघडायला सांगा, बोर्डाचं नंतर.

झुरळांसाठी उघड्या टाकीवर पातळ सुती फडकं टाका आणि भोवती इलॅस्टिक लावा. फडकं मात्र रोज धुतलेलं घ्या, नाहीतर उद्या त्याचाच वास बर्फाला येईल आणि तुम्ही परत इथं प्रश्न टाकाल.